आबाराव वल्द माणिकराव, हाजिर

पाटलानं गठुडं फेकलं. ते माझ्या पायाजवळ धुळीत पडलं.

"घाल," पाटील म्हणला.

चावडीसमोर सगळा गाव गोळा झाल्ता. भर दुपार. जमीन पायाला चटके देऊन राह्यली होती. गठुड्यात एक धोतर, एक सदरा आणि तांबडा फेटा. पाटलाच्या पुतण्याचे कपडे. धुतलेले, घडी घातलेले. आमच्या महारवाड्यात तसं कापड कुणाच्या लग्नातबी कुणाच्या अंगाला लागलं न्हाई. मी नुसता बघत उभा राह्यलो.

"ऐकू येत न्हाई का रं? घाल म्हणलं ना!"

मी अंगावरचं काढलं. लंगोटीवर उभा राह्यलो, सगळ्या गावासमोर. पाण्याला निघालेल्या बाया तोंडाला पदर लावून माघारी फिरल्या. पोरं हसली. मी धोतर नेसलो, वाकडंतिकडं. सदरा घातला. फेटा मात्र येईना. कसा येईल? आमच्यातल्या कुणी फेटा बांधून गावातून जायचं, अशी कुणाची छाती होती? आता मात्र फेटा पाह्यजेच होता, आणि माझ्या डोक्याला हात तर कुणी लावणार न्हाई. गावाची मोठी पंचाईत झाली! शेवटी पाटलाच्या गड्यानं एक घागर पालथी घातली. घागरीवर फेटा बांधला. अल्लाद काढला आणि वरूनच माझ्या डोक्यावर सोडला.

ढिला झाला. दोन्ही कानांवर उतरला.

"आला रे आला, नवा पाटील आला!" कुणीतरी ओरडलं. चावडी हसली.

एक माणूस हसला न्हाई. माझा बाप. तो चावडीच्या ओट्याखाली खोड्यात होता. खोडा म्हंजे दोन जाड लाकडं, एकावर एक, मधी भोकं. भोकात माणसाचे पाय घालायचे, वरचं लाकूड दाबायचं आणि बाजूनं पाचर ठोकायची. माणूस बसलेलाच राह्यतो. उठता येत न्हाई, वळता येत न्हाई, बसल्या जागी सगळं. बाप तीन दिवसांपासून तसा बसून होता.

बाजेवर अमीन बसल्ता. अमीन म्हंजे ठाण्याचा फौजदार. निजामाचं राज्य, सगळा कारभार उर्दूत. त्यानं मला जवळ बोलावलं.

"नाम?"

मी माझं नाव सांगितलं. खाडकन कानाखाली बसली. अमिनाला माझा विटाळ नव्हता, तेवढंच एक.

"नाम?"

"आबाराव."

"बाप का नाम?"

बाप माझ्यापासून पाच हातांवर बसल्ता. ऐकून राह्यला होता. मी त्याच्याकडं पाह्यलं. अमिनानं परत हात उचलला.

"माणिकराव," मी म्हणलो.

"पूरा बोल."

"आबाराव वल्द माणिकराव. कौम मराठा."

तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडून. वल्द म्हंजे मुलगा, कौम म्हंजे जात. पहिल्यांदा म्हणलो तेव्हा बाप माझ्याकडं बघत होता. दुसऱ्यांदाबी बघत होता. तिसऱ्यांदा त्यानं मान खाली घातली.

आता हे कसं घडलं ते सांगतो.

आमचं गाव केदारखेड्यापासून दोन कोसांवर. बाप गावचा येसकर. वेशीची राखण, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळणं, मेलेलं जनावर ओढणं, आणि खोड्यात कुणाला घातलं तर त्याच्यावर नजर ठेवणं, ही सगळी कामं येसकराची. खोड्याची मोगरी, म्हंजे पाचर ठोकायचा लाकडी हातोडा, आमच्या घरात असायची. बापाच्या बापापासून.

आबाराव हा पाटलाचा पुतण्या, पाटलाचा भाऊ माणिकराव त्याचा बाप. माझ्याच वयाचा. बाजाराच्या दिवशी त्याच्या घोड्याच्या आड सुलेमान मणियार आला. बांगड्या विकणारा, गरीब माणूस, जुन्या जालन्याचा. खांद्यावर बांगड्यांचा हारा घेऊन गावोगाव हिंडायचा. आबारावानं त्याला घोड्यावरून उतरून मारलं. बांगड्यांचा चुरा केला आणि काठीनं हात मोडला. उजवा. ज्या हातानं तो बांगड्या भरायचा तो.

सुलेमानच्या भावकीनं थेट ठाणं गाठलं. एरवी पाटलाच्या घरचं प्रकरण ठाण्यात जिरून जायचं, पण ह्या वेळी बोभाटा फार झाल्ता. अमिनाचा हुकूम आला: मी येईपर्यंत आबारावला चावडीत अडकवून ठेवा. पाटलानं लोकांना दिसावं म्हणून पुतण्याला खोड्यात बसवलं. खाली गादी, पाठीला तक्क्या! आणि राखणीला माझा बाप.

दिवस मावळायला पाटील स्वतः आला.

"काढ पाचर," म्हणला.

बापानं पाचर काढली. मालकाचा हुकूम. आजपर्यंत कुठला हुकूम मोडला होता, की तो मोडील? आबाराव उठला, धोतर झटकलं आणि सासुरवाडीला वऱ्हाडात निघून गेला. पाटलानं जाताना बापाला सांगितलं, "म्हाताऱ्या, आता घरी जाऊन जेव."

दुसऱ्या दिवशी अमीन आला. खोडा रिकामा.

"जी, मालकांनीच सांगितलं," बाप म्हणला.

"झोपला म्हातारा. आता माझ्यावर ढकलून राह्यलाय," पाटील म्हणला.

कुणाचं खरं धरणार? आमच्या गावची रीतच होती. खोड्यातला पळाला की राखणदार खोड्यात. खोडा रिकामा राह्यला न्हाई पाह्यजे. राखणदार कोण? येसकर. येसकर कोण? आम्ही. म्हंजे गुन्हा कुणीबी करो, खोड्याची भोकं आमच्या पायाच्या मापाची होती. बापाला बसवलं. पाचर ठोकायला मोगरी आमच्याच घरून मागवली. मीच घेऊन गेल्तो.

तिसऱ्या दिवशी त्याचे पाय सुजून लाकडात रुतले. घोट्याची कातडी सोलली, माशा बसायला लागल्या. मायनं पाटलाच्या दारासमोर लोळण घेतली. मंग पाटलानं मला बोलावलं.

"बाप सोडवायचाय ना?"

"जी मालक."

"मंग तू जा. आबाच्या जागी. लई तर सहा महिने. आत बसून भाकरच खायची हाये."

मला समजंना. अमिनानं समजावलं. त्यानं कागद आधीच केल्ते, आबारावच्या नावानं. परत कोण लिहील? वर कोण जाब देईल?

"कागद पे एक आदमी है, तो अदालत में भी एक आदमी होना. बस."

पाटील म्हणला, "आणि तोंड उघडलं तर म्हातारा परत हितंच. बरोबर तुझी माय. समजलं?"

समजलं. न समजायला काय झालं? एकोणीस वर्षांचा होतो. मी हो म्हणलो.

निघताना बापाची पाचर काढली. त्याला उभं राहता येईना. मायनं धरलं. मी जवळ गेलो तर बापानं मला हात जोडले. बापानं पोराला! मला जोडले, का माझ्या अंगावरच्या पाटलाच्या कपड्याला जोडले, ते मला अजून कळलं न्हाई. मला वाटतं त्यालाबी कळलं नसंल.

जालन्याला मस्तगडाच्या बाजूनं नेलं. हाताला दोरी होती, तरी फेटा बघून लोक बाजूला सरकत होते. एका दुकानदारानं तर "राम राम पाटील" केला. आयुष्यात पहिला राम राम. आजवर आम्ही जोहार घालायचो आणि समोरचा मान दुसरीकडं वळवायचा.

अदालतीत मुन्सिफासमोर उभं केलं. सुलेमान मणियार आल्ता, हात गळ्यात बांधलेला. मुन्सिफानं विचारलं, "इसीने मारा?"

सुलेमाननं माझ्याकडं पाह्यलं. तो मला पक्का ओळखत होता. आमच्या वाड्याशीसुद्धा यायचा तो, आमच्या बायांचे हात हातात धरून बांगड्या भरायचा. माझ्या मायचा हात त्यानं कितीदा धरला असंल. त्याचे ओठ हलले. मंग त्यानं अमिनाकडं पाह्यलं. अमीन मिशीवरून हात फिरवून राह्यला होता.

"जी. यही है," सुलेमान म्हणला.

मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या काढल्या. नंतर राग गेला. त्याला परत आमच्याच गावात बांगड्या विकायच्या होत्या. त्याचा हात कुणी मोडला हे खुद्द त्यालासुद्धा खरं सांगता आलं न्हाई, मंग मी कोण लागून गेलो?

"कबूल?" मुन्सिफानं विचारलं.

"कबूल, सरकार."

सहा महिने.

जेलखाना कुठला ते सांगत न्हाई. दगडी भिंत, मधी चौक, चौकात लिंबाचं झाड. दारात मुन्शी रजिस्टर घेऊन बसल्ता. कपडे काढून घेतले, गठुडं बांधून ठेवलं, जेलचे जाडेभरडे दिले. मंग हजेरी.

"आबाराव वल्द माणिकराव."

"हाजिर."

"कौम मराठा. भटारखाना."

माझ्या मागं एक वयस्क माणूस होता. वाळलेला, पांढरी दाढी.

"लिंबाजी वल्द सटवा."

"हाजिर जी."

"कौम धेड. टोपली."

एवढंच. गुन्हा काय, वय काय, काय काम येतं, काही न्हाई. कौम बघायची आणि काम द्यायचं. वरच्यांनी रांधायचं, मधल्यांनी दळायचं, आणि आमच्या लोकांनी संडासाच्या टोपल्या उचलून दाराबाहेर नेऊन टाकायच्या. मी म्हणायचो जेलात गेल्यावर सगळे चोर सारखे. अरे हट्! गाव आहे तसा उचलून आत आणून ठेवल्ता.

तर मी भटारखान्यात. पीठ मळायचो, भाकरी थापायचो. पहिल्या पहिल्यांदा भाकर फाटायची, मंग हात बसला. माझ्या हातची भाकर मराठे खायचे, वाणी खायचे, कोष्टी खायचे. चांगली झाली म्हणायचे. शिपाई म्हणायचा, "पाटील, जरा मीठ द्या." द्या! मला! खोटं कशाला बोलू, गोड लागलं. आठ-दहा दिवसांत माझी चाल बदलली. मान वर आली. कुणी "अहो पाटील" म्हणून हाक मारली की मी पटकन वळायचो. आज सांगताना लाज वाटते, पण तसं झाल्तं.

एका दुपारी शिपायानं पाणी आणलं. चुलीपुढं घसा कोरडा पडल्ता. त्यानं तांब्या पुढं केला, आणि मी काय केलं असंल? दोन्ही हातांची ओंजळ केली, तोंडाजवळ नेली आणि वाकून उभा राह्यलो. वरून कधी ओततो त्याची वाट बघत.

जन्मापासूनची सवय. आम्हाला कुणी तांब्या हातात दिलाय कधी?

शिपाई हसला. "काय हो पाटील, धरा की तांब्या!"

"हात धुवायचे होते," मी म्हणलो, तांब्या घेतला आणि पाणी हातांना चोळलं. शिपायाला पटलं. पण तेवढ्यात चौकातून लिंबाजी डोक्यावर टोपलं घेऊन चालल्ता. तो थांबला. नीट पाह्यलं. आणि पुढं गेला.

संध्याकाळी भाकर वाटायची पाळी माझी होती. टोपलीवाले भिंतीकडं वेगळे बसायचे. त्यांना भाकर हातात द्यायची न्हाई. लांबून टाकायची. झेलली तर झेलली, न्हाई तर मातीत पडली. पहिल्या दिवशी मी वाकून द्यायला गेल्तो तर मुकादम ओरडला, "पाटील, बाटाल!" तेव्हापासून मीबी टाकायचो. माझ्याच लोकांना. रोज.

त्या संध्याकाळी लिंबाजीपुढं भाकर टाकली. त्यानं वर न बघता हळूच म्हणलं, "वंजळ करत जाऊ नको, लेकरा. पाटील तांब्या हातात घेतो."

हे समजलं तर आतले लोक माझी खांडोळी करतील, हे मला माहीत होतं. कितीजणांच्या पोटात माझ्या हातची भाकर गेल्ती! मी म्हणलो, "सांगशील का?"

"मी कशाला सांगू? मेलेल्या बैलाचं कातडं विकलं म्हणून मी हितं आलो. बैल आम्ही वढायचा, कातडं पाटलाचं. त्याहीपरीस तुझं इपरित हाये. खा, गप बस, आन् जा घरी."

गप बसलो. बाप खोड्यातून सुटलाय, तो घरी आहे, माय त्याच्या पायाला हळद लावून राह्यली असंल, एवढं मनात धरून बसलो. रोज सकाळी "आबाराव वल्द माणिकराव" म्हणलं की "हाजिर" म्हणायचो. मनात म्हणायचो, हे तुझ्यासाठीच म्हणून राह्यलो बा, तुझं नाव टाकून.

तीन महिने झाले असतील. मुलाखतीचा दिवस होता. लोकांचे नातेवाईक दाराशी येत, शिपाई नाव पुकारी. माझं कोण येणार? मी पीठ मळत होतो. लिंबाजी बाहेर टोपली टाकून परत आला. त्याचं तोंड उतरल्तं. संध्याकाळी भाकर टाकताना तो बोलला.

"तुझी माय आल्ती."

भाकर माझ्या हातातच राह्यली.

"दारात बसल्ती सकाळपासून. शिपायाला तुझं नाव सांगितलं. खरं नाव. त्यानं रजिस्टर पाह्यलं, असा कैदीच न्हाई म्हणला. ती म्हणं, हाये, माझं लेकरू हाये. त्यानं हाकललं. टोपली टाकायच्या खड्ड्याकडं मला भेटली. वळखीच्या खुणा सांगितल्या, तवा मला समजलं तू तोच."

"काय म्हणत होती?"

लिंबाजी बोटानं मातीत रेघा ओढायला लागला.

"काय म्हणत होती, लिंबाजीबा?"

"तुझा बाप गेला. तू आल्यावर महिन्याभरात. पाय सडला त्याचा."

मागून मुकादम ओरडला, "पाटील, काय गप्पा मारून राह्यले धेडाशी? टाका जल्दी!"

मी टाकली. पुढच्याला टाकली. त्याच्या पुढच्याला टाकली. सगळ्या भाकरी टाकल्या. रडायची सोय न्हाई. डोकं भादरायची सोय न्हाई. माझा बाप माणिकराव तिकडं गावात धडधाकट होता ना, हुक्का ओढत! मी कुणाचं सुतक धरणार? ज्या बापाला सोडवायला आलो तो सुटलाच न्हाई. आणि तो मरत होता तेव्हा मी रोज सकाळी दुसऱ्याला बाप म्हणून राह्यलो होतो. माय दोन दिवस पायी चालत आली, आणि तिला सांगितलं, तुझा पोरगा हितं न्हाई. एका परीनं शिपाई खरंच बोलला. नव्हतोच मी तिथं.

लिंबाजी बाहेर एका बाईशी बोलला, हे शिपायानं पाह्यल्तं. दुसऱ्या दिवशी हजेरीला जेलचा मोठा साहेब आला, मोहतमीम. सगळ्या कैद्यांना चौकात उभं केलं. बाहेरच्याशी बोलला म्हणून लिंबाजीला पाच पायताणं. पण शिपायांपैकी कुणाला त्याला मारायची इच्छा न्हाई, घाण काम. मोहतमीमाची नजर माझ्यावर आली. मी त्याचा आवडता. दोन दिवसांआधीच मला मुकादम करायचं बोलणं झाल्तं.

"पाटील, तुम मारो."

पायताण माझ्या पुढ्यात टाकलं. लिंबाजी ओणवा झाला. त्याचा सदरा वर सरकला, पाठीचे मणके दिसले. बापाचे दिसायचे तसेच. मायचा निरोप मला आणला म्हणून तो ओणवा झाल्ता, आणि माझं बिंग फुटू नये म्हणून एक शब्द बोलला न्हाई. उलट हळूच म्हणला, "मार, लेकरा. मार अन् मोकळा हो."

मी पायताण उचललं. हातात धरलं. सगळे बघून राह्यले होते.

काय झालं ते सांगता येत न्हाई. भीती गेली, असं न्हाई. पण तोंडात जे आलं ते थांबवता येईना. मी पायताण खाली ठेवलं.

"मी आबाराव न्हाई."

"क्या?"

मी माझं नाव सांगितलं. माझ्या बापाचं नाव सांगितलं. ओरडून सांगितलं. "कौम महार! गावचा येसकर होता माझा बाप. तुमच्या कागदासाठी त्याचा पाय सडला. आबाराव सासुरवाडीला मजेत हाये. जाऊन बघा!"

आधी कुणी मानलंच न्हाई. मुकादम म्हणला, "पाटलाला ऊन लागलं." दोघंतिघं हसले. मंग मी काही न बोलता भिंतीकडं गेलो, टोपलीवाल्यांच्या रांगेत गुडघ्यावर बसलो आणि ओंजळ केली. तोंडाशी नेली. मान खाली, कोपरं जोडलेली, पाण्याचा थेंब अंगावर उडू नये म्हणून पोट आत. तशी ओंजळ दुसऱ्या कुणाला येत न्हाई. ती शिकवून येत न्हाई. चौकातल्या सगळ्यांनी आपापल्या गावात तशी ओंजळ जन्मभर पाह्यली होती.

हसू थांबलं. कोण्या एकानं ओकारी काढली. मंग ते माझ्यावर आले.

किती मारलं ते आठवत न्हाई. दोन दात तिथंच पडले. शिपायांनी ओढून काढलं म्हणून जिवंत राह्यलो. भटारखाना शेणानं सारवला, भांडी राखेनं घासली, कुणीतरी गोमूत्र शिंपडलं. तीन महिने पोटात गेलेलं कसं धुवायचं, ते मात्र कुणी विचारलं न्हाई. चांगली धष्टपुष्ट झाल्ती सगळी माझ्या भाकरीवर. एकजणबी मेला न्हाई बाटून!

लिंबाजीला पायताणं चुकली न्हाईत. ती मुकादमानं मारली, दात खाऊन.

मुन्शी रजिस्टर घेऊन मोहतमीमापुढं उभा. "हुजूर, अब क्या लिखूं?" मी कोठडीच्या दारातून ऐकत होतो. हा आबाराव न्हाई असं लिहावं, तर आबाराव कुठं? मंग अमिनाला कोण विचारणार? मुन्सिफाला कोण विचारणार? मोहतमीमानं बराच वेळ डोकं खाजवलं.

"नाम वही रहने दो. काम बदल दो."

झालं. नाव तेच, कौम तीच, काम टोपली. म्हंजे सरकारी कागदावर आमच्या पाटलाच्या पुतण्यानं तीन महिने मैला वाह्यला. त्याला हे कुणी कधी सांगितलं का न्हाई, देव जाणे. मला मात्र टोपलं उचलताना कधी कधी खो खो हसू यायचं.

पण हजेरी तीच होती. सकाळी चौकात मुन्शी पुकारायचा, "आबाराव वल्द माणिकराव."

मी गप.

"आबाराव वल्द माणिकराव!"

गप. डोळ्यासमोर उभा, पण गप. "हाजिर" आलं न्हाई की हजेरीत एक माणूस कमी पडायचा. परत मोजायचे. परत एक कमी. ऊन वर यायचं, सगळ्यांचं काम अडायचं, शिपाई शिव्या द्यायचे. पहिल्या दिवशी फटके. मंग अर्धी भाकर. मंग दंडाबेडी, दोन्ही पायांच्या मधी लोखंडी गज. पाय जवळ घेता येत न्हाईत, रात्री कुशीवर होता येत न्हाई. घोटे सोलले. बापाचे सोलल्ते तिथंच. मी हात लावून बघायचो आणि म्हणायचो, आता बराबर झालं, बा.

लिंबाजी एकदा म्हणला, "बोलून काय मिळालं रं तुला?"

"टोपलं मिळालं," मी म्हणलो. दोघंबी हसलो. हसताना फासळ्या दुखल्या.

मंग तो म्हणला, "हो म्हण की लेकरा. एक शबूद तर हाये. बेडी निघंल."

"एका शब्दापायीच हितं आलो, लिंबाजीबा. आता न्हाई म्हणत."

त्यानं परत विचारलं न्हाई. त्याची शिक्षा माझ्याआधी संपली. जाताना दारात मुन्शीनं त्याला पुकारलं तेव्हा तो केवढ्यानं ओरडला, "लिंबाजी वल्द सटवा, हाजिर!" चौक दुमदुमला. ते मला ऐकू यावं म्हणून ओरडला तो.

मंग माझे सहा महिने भरले.

सकाळी बेडी काढली. दारात नेलं. दार अर्धं उघडं होतं. बाहेर रस्ता, एक बैलगाडी चाललेली, रस्त्याकडच्या झाडाखाली एक बाई बसलेली. माय होती का दुसरी कोण, उन्हानं नीट दिसलं न्हाई. मुन्शी रजिस्टर उघडून बसल्ता.

"आबाराव वल्द माणिकराव. रिहा."

मी गप.

मुन्शीनं वर पाह्यलं. सहा महिन्यांत तोबी कंटाळून गेल्ता. त्यानं कोनाड्यातून गठुडं काढलं आणि माझ्याकडं फेकलं. पायाजवळ पडलं. धोतर, सदरा, तांबडा फेटा.

"पहन ले और जा, बाबा. एक बार हाजिर बोल और चला जा. बाहर जा के जो नाम रखना है रख."

खरं सांगतो, एक क्षण मन डळमळलं. रस्ता दहा पावलांवर होता. एक शब्द, आणि मायजवळ. पण मंग दिसलं पुढचं. मी "हाजिर" म्हणून बाहेर पडलो की आबारावची शिक्षा पुरी झाली. कागद बंद. बाप कशानं मेला, कुणाच्या बदली मेला, ते पुसलं गेलं. आणि पुढच्या वेळी पाटलाच्या घरात कुणी हात उचलला की चावडीवर परत घागर पालथी पडणार, परत आमच्यातलाच एक पोरगा लंगोटीवर उभा राहणार.

मी गठुडं पायानं बाजूला सारलं. जेलच्या कपड्यावर तसाच दाराच्या आतल्या बाजूला, उंबऱ्याला लागून मांडी घालून बसलो.

"ये क्या?"

"आबाराव बाहेरच हाये," मी म्हणलो. "त्याला आणा. त्यानं शिक्षा भोगावी, मंग त्याला सोडा. मला कसं सोडता? मला तुम्ही धरलंच न्हाई अजून."

शिपायानं काखेत हात घालून उठवायला पाह्यलं. मी अंग टाकून दिलं. मुन्शीनं त्याला थांबवलं. त्यानं लेखणी दौतीत बुडवली, माझ्याकडं बोट केलं.

"नहीं जाता, तो नाफरमानी लिखना पड़ेगा, के हुकूम नहीं माना. फिर से सजा होगी. लिखूं?"

शिपाई तांब्यातून पाणी पिऊन राह्यला होता. मी त्याच्याकडं हात केला. एक हात, सरळ. ओंजळ न्हाई. तो गोंधळला, आणि त्यानं तांब्या माझ्या हातात दिला. मी पाणी प्यालो. तोंड पुसलं.

"लिहा," मी म्हणलो. "पण माझ्या नावानं लिहा. पहिल्यापासून सांगतो. वल्दपासून सुरू करा."

आणि मी माझ्या बापाचं नाव सांगितलं.